बुधवारची जागा

१ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी कंपनीची. निळं कव्हर, वर कोबीचं चित्र, आणि पहिल्याच पानावर जगाचा नकाशा. कंपनी जिथं जिथं भाजी पिकवते तिथं हिरवे ठिपके. व्हिएतनामवर पाच-सहा, इंडोनेशियावर तेवढेच, आणि एक ठिपका आपल्या नाशिकवर. आज सिन्नरच्या पॅकहाउसवर, म्हणजे माल पाकिटात भरतात तिथं, प्रत्येक शेतकऱ्याला एकेक डायरी मिळाली. फवारणीच्या नोंदी यात लिहायच्या म्हणे, पण त्या तर कंपनीच्या स्नेहल मॅडम आधीच मोबाइलवर टिपून घेतात. मग म्हटलं, कोरी कशाला ठेवायची. शाळेत निबंधाला मला नेहमी शाबासकी मिळायची. ते सांगायला आता साक्षीदार उरले नाहीत एवढंच.

तर मी पुंजाराम, मखमलाबादचा. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या पालेभाजी आणि थोडी फुलं. मागच्या पाडव्याला मी सगळं रान हॉलंडच्या या कंपनीला करारानं दिलं. म्हणजे रान आपलंच, कसणार आपणच, पण बी त्यांचं, पद्धत त्यांची आणि माल सगळा त्यांचा. एक वर्ष बघायचं, मग येत्या पाडव्यापासून पाच वर्षांचा पक्का करार. पहाटे लिलावात घसा फोडणं संपलं. मैनाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, गोदाकाठी गंगेवर बुधवारच्या बाजारात बसणंही संपलं. तीस वर्षं ती तिथं उन्हात बसली. मी म्हटलं, पुरे झालं, आता घरी बस. ती काही बोलली नाही. फार आनंद झाला की माणूस बोलत नाही.

६ जानेवारी, सोमवार

आज अजब झालं. जास्त भरली म्हणून मेथी परत आली.

सिन्नरला या वर्षापासून प्रत्येक जुडी नव्या मशीनवरून जाते. वजन बरोबर असेल तर हिरवा दिवा. आज आमच्या क्रेटला तांबडा दिवा लागला तो लागलाच. मला वाटलं माप कमी पडलं, लाजेनं मान खाली गेली. स्नेहल मॅडम म्हणाल्या, "काका, कमी नाही हो, जास्त आहे. पाकिटावर छापलंय तेवढंच पाहिजे. जाड जुडी पाकिटात बसत नाही, पानं चेंगरतात." कंपनीची ही पोरगी, शेतीची पदवी घेतलेली, आमच्याच पंचवटीत राहते. समजावून सांगते, डाफरत नाही.

जुड्या मैनानं बांधल्या होत्या. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "मी काय मुद्दाम नाय केलं. हाताला सवय हाय. मूठभर वर गेल्याबिगर जुडी झाली असं वाटतच नाय."

ही आमच्या आईची शिकवण. आई, तानुबाई, नव्या सुनेनं बांधलेली जुडी हातात घेऊन तोलायची आणि सोडून परत बांधायला लावायची. शिवाय गिऱ्हाईक निघालं की वरून चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या. त्याचं माप नसायचं. आईच्या हिशेबात ती भाजी विकलेली नसायचीच, ती पाठवणी असायची.

मला हसू आलं, पण कंपनीला येणार नाही. उद्यापासून तोलून बांधणाऱ्या दोघी बाया सिन्नरहून येतील. मैनाला म्हटलं, आता तर तुला पुरता आराम. कंपनीच्या कृपेनं म्हातारपणी राणी झालीस.

८ जानेवारी, बुधवार

सिन्नरहून दुपारी आलो तर घराला कुलूप. मैना चार वाजता आली. "कुसाबाईकडं गेले व्हते. म्हातारी एकटी असती," म्हणाली.

कुसाबाई म्हणजे बाजारात आमच्या शेजारी बसणारी. पंच्याहत्तरीची तरी असेल. बिचारी आजारी पडलेली दिसते. मैनाचा जीव तिच्यात पहिल्यापासून. मी म्हटलं, जात जा की दर बुधवारी, तुझाही वेळ जाईल. ती म्हणाली, "बरं."

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. आज सकाळी गाडी भरताना थंडी अशी की बोटं वळेनात. मला आईची आठवण आली. लहानपणी अशाच थंडीत बैलगाडीत मेथीच्या ढिगावर गोणपाट पांघरून मी झोपायचो आणि जाग यायची ती गंगेच्या पाण्याच्या आवाजानं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आई पाण्यात उतरून मुळं धुवायची, जुड्या झटकायची, तेव्हा गार पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडायचे. उजाडेपर्यंत घाट हिरवा झालेला असायचा. बाजार उठला की मला भेळभत्त्याचा पुडा. आताच्या पोरांना मॉलमध्ये नेऊन काहीही खायला घाला, त्या पुड्याचा वास त्यांना कुठून मिळणार.

मैना लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात बसली तो बुधवारही मला आठवतो. आईनं तिला सांगितलं, ओरड. हिच्या तोंडून आवाजच फुटेना. पदराआडून पुटपुटली, "मेथी." समोरच्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेलं नसेल. आई म्हणाली, "देवाला सांगतीस का गिऱ्हाइकाला?" आजूबाजूच्या सगळ्या बाया हसल्या. मी गाडीजवळ उभा होतो. मला तिची दया आली आणि ती फार आवडली.

आज संध्याकाळी मात्र मैनाचा घसा बसलेला. कुसाबाईला ऐकू कमी येत असणार, मोठ्यानं बोलावं लागत असेल. हळद-दूध करून दिलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आपली गाय हल्ली फार खाते. पानाला भोक असलं, शेंडा पिवळा पडला, दांडा लांब झाला की कंपनी तो माल घेत नाही. असा रिजेक्ट माल मी गोठ्यामागे टाकतो. कंपोस्टच्या खड्ड्यात जायचा तो, नाहीतर गायीला. मंगळवारी रात्री हा ढीग असतो आणि बुधवारी संध्याकाळी भुई साफ. मैनाला म्हटलं, एवढी मेथी घालू नको, पोट फुगेल तिचं. म्हणाली, "बघते."

बाहेर विकायची तर सोयच नाही. कंपनीच्या रानातली काडी जरी दुसऱ्या बाजारात दिसली तरी करार रद्द, असं कलमच आहे. मी ते तीनदा वाचून सही केली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

सिन्नरला लग्नाला गेलो होतो. तिथं गोरक्ष भेटला, आमच्या आळीतल्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा. मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो, हातगाडी फिरवून दमलाय. म्हणाला, "काका, गंगेवरची तुमची जागा रिकामीच हाय ना? मला द्या की."

त्या जागेला कागद नाही. कुणाच्याच जागेला नाही. शब्दावर चालतं सगळं. एखादी आजारी पडली, बाळंतीण झाली, तर शेजारीण तिच्या जागेवर गोणपाट टाकून ठेवते आणि दुसऱ्याला बसू देत नाही. वर्षभरसुद्धा. मालक स्वतः तोंडानं म्हणेल, दिली, तेव्हाच ती जाते. पुराचं पाणी नदीतल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं आणि सगळा घाट धुऊन गेला, तरी पाणी ओसरल्यावर प्रत्येक जण आपापल्या जागी येऊन बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी गोरक्षला म्हटलं, पाडव्यापासून बस. तोपर्यंत पक्का करारही झालेला असेल. ती आईची जागा. पण कष्टाच्या पोराच्या उपयोगी पडली तर आईलाही बरंच वाटेल. मैनाला अजून बोललो नाही. तिला काय सांगायचं त्यात, तिचं त्यातलं मन कधीच निघालंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुसाबाईसाठी पेरू पाठवले. मैनाला हसू आवरेना. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "दात कुठं हायेत तिला."

मैनाची तब्येत मात्र सुधारली आहे. दोन घास जास्त खाते. बुधवारी तर अंथरुणाला पाठ टेकली की झोप. जेवताना आज किती बातम्या सांगितल्या. सराफ बाजारातल्या जोशीणबाईंच्या सुनेला मुलगी झाली, शाळेतल्या त्या सुरती बाई निवृत्त झाल्या, शेपूला यंदा विचारत नाहीत आणि करडईची भाजी मात्र हातोहात जाते. म्हातारीला अंथरुणावर पडल्या पडल्या केवढं कळतं. आराम माणसाला मानवतो, हे मी मैनाकडे बघून सांगू शकतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बँकेच्या कामाला कॉलेज रोडला गेलो होतो. शेजारी मोठं दुकान, काचेचं. आत जाऊन बघितलं तर फ्रिजमध्ये आपली मेथी. पाकिटावर कंपनीचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात मखमलाबाद लिहिलेलं. छाती फुगली हे कबूल करतो. जवळच्या पोराला सांगावंसं वाटलं, ही माझी.

मग थोडा वेळ उभा राहिलो. एक बाई आली, पाकीट उचललं, तारीख बघितली, टोपलीत टाकलं आणि गेली. पान चुरगळून वास घेतला नाही. आजची आहे की कालची, कुणाला विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला? घरी येताना उगाच उदास वाटलं. मैनाला सांगितलं तर म्हणाली, "तिला वरून काय दिलं?" मी म्हटलं, बिल दिलं. बरीच हसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. कंपनीला शिवरात्र ठाऊक नाही, सिन्नरला जावंच लागलं. पूर्वी आजच्या दिवशी घाटावर रताळ्यांचे ढीग आणि बेलाचे वाटे. कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून माणसं उतरायची ती थेट आईसमोर. आई दिवसभर उपाशी असायची आणि तरी तिचा आवाज पुलापर्यंत जायचा. गाडी चालवताना आज तिचा तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात, आवाज येत नाही.

६ मार्च, गुरुवार

मोठी बातमी. कंपनीच्या मार्लेन मॅडम पुढच्या आठवड्यात हॉलंडहून येणार. आशियातलं सगळं काम त्या बघतात. पॅकहाउस बघून झाल्यावर त्यांना इथला एखादा जुना बाजार बघायचाय, आणि सोबत शेतकरी म्हणून माझं नाव निघालंय. स्नेहल मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, बुधवार सोडून दुसरा दिवस बघू या का? बुधवारी फार गर्दी असते." मी म्हटलं, छे, बाजार बघायचा तर बुधवारचाच.  त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मॉल दाखवू." मी म्हटलं, मॉल त्यांच्या गावात नाहीत का? या शिकलेल्या मुलींना आपल्या बाजाराची लाज वाटते ती अशी.

मैनाला अजून सांगितलं नाही. जाऊन आलो की गंमत म्हणून सांगेन.

१२ मार्च, बुधवार

आज झालं ते सगळं लिहून ठेवतो.

मार्लेन मॅडम उंच, पन्नाशीच्या, पायात साधे बूट. गाडी पुलाजवळ थांबवून आम्ही तिघं चालत निघालो. मी भलताच खुशीत. बैलगाडी कुठं सुटायची, आई मुळं कुठं धुवायची, सगळं दाखवत होतो आणि स्नेहल इंग्रजीत सांगत होती. आज तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. दोनदा म्हणाली, "काका, आपण फुलांच्या बाजूनं जाऊ." मी ऐकलं नाही. मला आईची जागा दाखवायची होती.

मार्लेन मॅडम म्हणाल्या, त्यांच्या आजोळीही गुरुवारचा बाजार भरायचा. आता तिथं उन्हाळ्यात लोक जुने पोशाख घालून बाजार भरल्याचं नाटक करतात. चीज विकल्यासारखं करतात, पर्यटक फोटो काढतात, आणि संध्याकाळी पोशाख कपाटात जातात. त्या हसून बोलल्या, पण मला ते ऐकून कसंतरीच झालं.

तेवढ्यात आवाज आला. "मेथी घ्या, करडई घ्या, आत्ता रानातनं आलीय." खणखणीत, अगदी पुलापर्यंत जाणारा. मला वाटलं आईच. खरंच वाटलं. पाय आपोआप तिकडे वळले.

आमच्या जागेवर मैना बसली होती. डोक्यावर पदर, समोर ओल्या गोणपाटावर जुड्या. शेजारी कुसाबाई, ठणठणीत, सुपारी चघळत.

 आपल्या रानातली मेथी मी अंधारात ओळखीन. एका बाजूला करार, दुसऱ्या बाजूला बायको, आणि मध्ये हॉलंडची मॅडम वाकून मेथी बघतेय.  मैनानं वर बघितलं. मला बघितलं, मॅडमला बघितलं, माझ्या डोक्यावरच्या कंपनीच्या टोपीकडे बघितलं. सगळं तिला क्षणात कळलं. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "या दादा. काय देऊ?"

दादा. लग्नाला एकतीस वर्षं होत आली. तिनं कधी माझं नाव घेतलं नाही. आणि आज भर बाजारात दादा.

मी विचारलं, "मेथी कशी दिली?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"घ्या हो, तुम्हाला काय म्हाग नाय देणार."

स्वतःच्या रानातल्या मेथीचा मी स्वतःच्या बायकोशी भाव केला. कुसाबाईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

मार्लेन मॅडमना बोलायचं होतं. त्यांनी विचारलं, किती वर्षं बसता. मैना म्हणाली, तीस, आणि आधी सासू बसायची. मग त्यांनी विचारलं, नवरा मदत करतो का. स्नेहलनं हे मराठीत सांगताना माझ्याकडे बघितलंही नाही. बरं झालं. एवढ्या वेळा घरी चहा पिऊन गेली, पण पदरामुळे तिनं मैनाला ओळखलं नसावं.

मैना जुडी बांधत म्हणाली, "मालकांला म्हाईतच नाय मी हितं बसते ते."

मॅडम मोठ्यानं हसल्या. त्यांनी विचारलं, कळलं तर?

"कळलं तर कळलं. माणूस वंगाळ नाय त्यो. सगळं माझ्यासाठीच करतो. फकस्त मला इचारायचं ऱ्हाऊन जातं त्याचं."

स्नेहलनं हे इंग्रजीत सांगितलं. बराच वेळ लावून, अगदी नीट सांगितलं. मार्लेन मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मेथी घेतली. मैनानं वरून कोथिंबीर ठेवली, दोन मिरच्या ठेवल्या. मॅडमना वाटलं चूक झाली, त्या परत द्यायला लागल्या. मैनानं त्यांची मूठ मिटवली आणि हातानंच खूण केली, न्या.



१३ मार्च, गुरुवार

होळी. मैनानं पुरणपोळी केली होती. काल रात्रीही नेहमीसारखंच ताट वाढलं. मी वाट बघत होतो की ती काही बोलेल, ती वाट बघत असेल की मी बोलेन. शेवटी एवढंच म्हणाली, "बाईंला भाजी आवडली का?"

म्हटलं, आवडली असेल.

कंपनीकडून काही आलं नाही. फोन वाजला की आधी नंबर बघतो. खोटं बोलली म्हणून रागवावं, तर ती खोटं बोललीच कुठं? कुसाबाईकडे जाते म्हणाली, आणि कुसाबाईकडेच जात होती. आजारपण सगळं मीच लावलं म्हातारीला. पेरूसुद्धा.

राग त्याचा नाहीच. परक्या बाईला ती जे सांगू शकली ते मला सांगायला आधी मला परकं व्हावं लागलं, हे सलतंय.

१८ मार्च, मंगळवार

आज रिजेक्टचा ढीग गोठ्यामागे टाकला नाही. फाटकाजवळ सावलीत ठेवला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. का, ते लिहीत नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. गावात रंगाचा धुरळा, बाजार निम्माच असणार. संध्याकाळी सिन्नरहून आलो तर फाटकाजवळ काही नव्हतं. गोणपाट धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. मैनाच्या केसांत गुलाल. मी विचारलं, "कुसाबाई कशी हाय?" ती म्हणाली, "बरी हाय." जेवण जरा हसतखेळत झालं.

गोरक्षचा फोन आला होता. पाडव्याला नारळ फोडून बसतो म्हणाला. मी हो म्हटलं. मैनाला सांगायचं धाडस झालं नाही.

२६ मार्च, बुधवार

आज सिन्नरला पक्का करार होता. पाच वर्षांचा. आम्ही निवडलेले शेतकरी ओळीनं खुर्च्यांवर, समोर पेढे. वाचून दाखवलं. सगळं रान कंपनीचं, आणि एक नवं कलम, करारातल्या घरातल्या कुणीही बाहेर भाजी विकायची नाही. ते वाचताना वाचणाऱ्याचा आवाज बदलला नाही. मलाच कान गरम झाल्यासारखे वाटले.

मी खरं लिहितो. मला सही करायची होती. माल न्यायला कंपनीची थंड गाडी दारात येणार, लिलावाची कटकट नाही, पावसानं माल सडला तरी पोटात गोळा नाही. या वयात आणखी काय हवं? मागच्या वर्षी मी पहिल्यांदा उन्हाळा शांत झोपून काढला. ही कंपनी आली ते काही वाईट झालं असं मी अजूनही म्हणणार नाही.

पेन हातात घेतलं. स्नेहल शेजारी उभी होती, पान उलटून देत होती. मी म्हटलं, "मॅडम, अर्धं रान दिलं तर चालतं का?"

"नाही काका. अर्ध्याची सोयच नाहीये यात. मी विचारून बघितलं."

"तुम्ही? कधी?"

ती हळूच म्हणाली, "बारा तारखेनंतर लगेच. काका, मी पंचवटीत, गंगेजवळच राहते. जानेवारीपासून भाजी काकूंकडूनच घेते."

 मला वाटत होतं तिनं ओळखलं नाही. तिनं पेन माझ्या हातातून काढून टोपण लावलं. "आज बुधवारच आहे. संध्याकाळपर्यंत वेळ आहे सहीला. विचारून या."

माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा हसला. म्हणाला, बायकोला विचारून सही करतो का पुंजा? मी म्हटलं, हो. उठलो आणि गाडी सरळ गंगेवर आणली.

मैना गिऱ्हाइकांत होती. मला बघून म्हणाली, "थांबा जरा." थांबलो. चार बाया माझ्या आधी होत्या. कुसाबाई म्हणाली, "पुंजा, उन्हात उभा ऱ्हाऊ नको, बस हितं." तिच्या गोणपाटाच्या कोपऱ्यावर टेकलो. आई असताना मी असाच टेकायचो, तेव्हा पाय जमिनीला पुरत नव्हते.

गर्दी सरली. मी मैनाला सगळं सांगितलं. पाच वर्षं, सगळं रान, नवं कलम. गोरक्षला दिलेला शब्दही सांगितला. तो ऐकताना तिचा हात जुडीवर थांबला. मग मी विचारलं, "काय करू?"

तिनं मान वर केली. माझ्या तोंडून हे दोन शब्द याआधी कधी तिनं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. तिलाही आठवत नसावं.

"मागच्या पाडव्याला इचारलं असतं ना," ती म्हणाली, "तर मीच म्हणले असते, देऊन टाका. रान बी आन् जागा बी. गुडघे लय दुखत व्हते माझे. मलाच सोडायचं व्हतं."

"आन् आता?"

"आता नाय."

राग नव्हता तिच्या आवाजात. कुणीतरी मेथी मागितली आणि ती तिकडे वळली.

मी पुलावर गेलो. आधी गोरक्षला फोन करून जागेचा शब्द परत घेतला. तो नाराज झाला आणि त्याचं बरोबर आहे, त्याला माझ्या शब्दाचा भरवसा होता. मग स्नेहलला केला, सही करत नाही म्हणून. ती म्हणाली, "ठीक आहे काका." माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. पाडव्यापासून पहाटेचा लिलाव आहे, पावसाची भीती आहे, आणि या वयात पुन्हा घसा फोडणं आहे.

घरी आल्यापासून मैना नेहमीसारखी कामात आहे. मी हे लिहितोय आणि राहून राहून एकच मनात येतंय. मागच्या पाडव्याला ती हो म्हणणार होती. मला फक्त विचारायचं होतं.